खोकं कंपनीचं, माल भलताच: बुलेटच्या टेन्शनरने घातलेला खड्डा

मुंबईत जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. प्रायमरी चेनचा टेन्शनर घ्यायला गेलात की काउंटरवरचा माणूस कंपनीचं खोकं पुढे करेल. खोकं खरंच कंपनीचं असू शकतं. आतला टेन्शनर कंपनीचा असेलच असं नाही. माझ्या वाट्याला आला तो नव्हता, आणि साडेचारशे रुपयांच्या त्या तुकड्यापायी चेन गेली, स्टेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या कॉइलची) वायर गेली, केसला आतून घासा पडला तो वेगळाच.

ज्यांनी हा पार्ट कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या बुलेटमध्ये इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपर्यंत जातो तो डाव्या बाजूच्या केसमधल्या डबल चेनवरून. इंजिन ओढतं तेव्हा चेनची वरची बाजू ताणलेली असते आणि खालची सैल पडते. ती लोंबू नये म्हणून खालून एक बाकदार धातूची पट्टी चेनला टेकवलेली असते, हाच टेन्शनर. तिचं एक टोक पिनवर फिरतं, दुसरं स्क्रूने वरखाली होतं आणि लॉकनटने जागेवर राहतं. वरच्या बाजूला मधोमध बोटाने दाबलं तर साधारण पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटरच्या आसपास खेळ हवा. तोही इंजिन थोडं थोडं फिरवत, चेन जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजायचा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी वाढलेली नसते. फार घट्ट केली तर क्रँकच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. सैल राहिली तर केसवर आपटते.

माझी गाडी वडिलांची. वर्षानुवर्षं चालून मूळ टेन्शनर पातळ झाला होता, स्क्रू वर घ्यायला जागाच उरली नव्हती. चेन अजून चांगली होती, फक्त पट्टी बदलायची. गिरगावातल्या मेकॅनिकने एक दुकान सांगितलं. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात चांगली, पिढीजात दुकानं आहेत, तिथूनच मी आजवर माल घेत आलोय. हे दुकान मात्र माझ्या ओळखीचं नव्हतं. (मेकॅनिक विशिष्ट दुकानाचंच नाव का सांगतो हे मुंबईत कुणाला समजावून सांगायची गरज नाही.)

काउंटरवर खोकं आलं. छापील लेबल, पार्ट नंबर, एमआरपी, सगळं जागच्या जागी. आत पारदर्शक पिशवीत तेल लावलेला टेन्शनर. "साब, कंपनी का माल है, आँख बंद करके लगाओ." छापील किमतीवर तीस रुपये कमी केले. बारकाईने पाहिलं तर इथेच सगळी हुशारी आहे. निम्म्या किमतीत दिला असता तर कुणालाही शंका आली असती. तीस रुपयांच्या सवलतीने शंका येत नाही, उलट माणूस खूश होतो.

बिल मागितलं तर उत्तर ठरलेलं: "पक्का बिल चाहिए तो जीएसटी ऊपर से लगेगा." आणि हातात आली दुकानाचं नाव नसलेली चिठ्ठी, त्यावर पेनाने "टेन्शनर ४५०". एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. एमआरपी छापलेल्या वस्तूवर जीएसटी "वरून" लागत नाही. असं कुणी म्हणालं की तो कर वाचवत नसतो, पुरावा वाचवत असतो.

टेन्शनर बसवला, सुरुवातीला गाडी गप्प होती. मग डावीकडून खडखड सुरू झाली. जे. जे. पुलावर दुचाकीला बंदी, त्यामुळे मोहम्मद अली रोडवरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जावं लागतं. तिथे क्लच सोडला की आवाज, धरला की आवाज. चेन पुन्हा ताणून घेतली, थोडे दिवस शांतता, पुन्हा तेच. आणि एका संध्याकाळी लालबागला हॉर्नचा आवाज बसला, हेडलाइट पिवळा पडला. बॅटरी चार्जच होत नव्हती.

तिथल्याच एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गाडी ढकलत नेली. त्यांनी फुटरेस्ट आणि ब्रेक पेडल बाजूला केलं, मधला मोठा नट सोडला आणि खाली परात धरून केसचं झाकण ओढलं. तेल पडलं ते करड्या रंगाचं, चमचमणारं. उस्तादांनी त्यात चुंबक फिरवला. बाहेर काढला तेव्हा त्याला दाढी फुटली होती. टेन्शनरच्या पाठीवर चेनने समांतर खाचा पाडल्या होत्या, नख आत जाईल इतक्या खोल. पिनचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. सैल चेन आपटून केसला आतून घासली होती, आणि १२ व्होल्टच्या गाडीचा ऑल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, याच केसमध्ये असल्याने स्टेटरची वायर तिच्या तडाख्यात सापडून तुटली होती.

"हे लोखंड नाही, लोणी आहे," उस्ताद म्हणाले. त्यांनी कानस घेतली. माझा जुना टेन्शनर डिकीत होता, त्याच्या कडेवर कानस ओढली तर ती नुसती सरकली, किर्र आवाज आला, पृष्ठभागाला काही झालं नाही. नव्याच्या कडेवर ओढली तर पहिल्याच फटक्यात पांढरा ओरखडा आणि खाली चुरा. चेनशी सतत घासणारी वस्तू वरून कडक केलेली असावी लागते. नक्कल करणारा आकार हुबेहूब करतो, हे काम मात्र गाळतो, कारण त्यात खर्च आहे आणि ते काउंटरवर दिसत नाही. चुंबक दोघांनाही चिकटतो, तेव्हा काउंटरवर कुणी चुंबक लावून दाखवला तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग खोकं नीट पाहिलं. झाकणाला स्टेपलरच्या पिना दोन, भोकं मात्र चार जोड्या. आतल्या पांढऱ्या बाजूवर काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलेला. बंद पिशवीतल्या वस्तूच्या खोक्यात आतून अंगठा कुठून येणार? उस्ताद हसले. त्यांच्याकडेही रिकामी खोकी विकत मागायला माणसं येतात म्हणाले, फाटकं नसलेलं आणि लेबल शाबूत असलेलं खोकं हवं असतं. तेव्हापासून मी घरी येणाऱ्या प्रत्येक पार्टचं लेबल फाडून मगच खोकं टाकतो. तुम्हीही फाडा, गॅरेजमध्ये पार्ट बसवून घेतलात तरी खोकं मागून घ्या.

दुकानात परत गेलो तर सूर बदललेला. आधी "लोहे की चीज़ है, घिसेगी ना", मग "मेकॅनिकने टाइट केला असेल", शेवटी "बिल दाखवा". बिल त्यानेच दिलं नव्हतं. पण पैसे यूपीआयने दिले होते, तारीख आणि रक्कम फोनमध्ये होती. क्यूआर कोडवरचं नाव दुकानाच्या पाटीवरच्या नावापेक्षा वेगळं निघालं, त्याचाही स्क्रीनशॉट ठेवला.

भिंतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी होती. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं तर १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हाच, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी काउंटरवर उभं राहून सांगितलं तेव्हा पोऱ्या आत गेला आणि शेठ बाहेर आले. शेठ गोड बोलले. साडेचारशे लगेच देतो म्हणाले. फक्त तो टेन्शनर आणि खोकं परत द्या. मी दिलं नाही. साडेचारशेत त्यांना पुराव्याचे दोन्ही तुकडे मिळाले असते आणि खोकं कदाचित पुन्हा कामाला लागलं असतं.

घेताना काय बघायचं ते सांगतो. जुना टेन्शनर सोबत न्या, फोटो नव्हे. दोन्ही पाठीला पाठ लावून बाक जुळतो का बघा. घासलेल्या जागेचा फरक पडेल, पण बाक आणि रुंदी वेगळी असता कामा नये. पिन सोबत असेल तर भोकात घालून हलवा, नवाकोरा पार्ट डुगडुगला तर तो तिथेच ठेवा. छोटी कानस खिशात ठेवा आणि चेन टेकत नाही अशा कडेवर एकदा ओढू द्या म्हणा. ज्याला मालाची खात्री आहे तो एवढ्याला नाही म्हणत नाही, आणि जो अंगावर येतो त्याने तुमचं काम सोपं केलं. "सगळ्या बुलेटला बसतो" असं म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. नंतरच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनाचा टेन्शनर आपोआप ताण घेणारा असतो, आपला हाताने लावायचा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. लेबलवर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा, तसा २०११च्या आवेष्टित, म्हणजे पॅकबंद वस्तूंच्या नियमांचा दंडक आहे. लेबलात गडबड दिसली तर तक्रार राज्याच्या वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे जाते. पण लेबल बघून थांबू नका, माझ्या खोक्यावर हे सगळं होतं.

नवा खात्रीचा मिळत नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मालात शोधायला लाज वाटू देऊ नका. मी शेवटी तिथूनच एक वापरलेला, कमी घासलेला मूळ टेन्शनर आणला. कानस त्याच्यावरून सरकली. नव्या नकलेपेक्षा जुना अस्सल बरा, निदान ब्रेक आणि चेनच्या बाबतीत तरी मी आता एवढंच बघतो.

तक्रार आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही, आणि खरेदीच्या वादाला दोन वर्षांची मुदत असते. अर्ज लिहिताना अडलात तर मुंबई ग्राहक पंचायतीला विचारा, १९७५पासून हेच काम करतात. मी टेन्शनरबरोबर चेन, स्टेटरची वायर आणि मजुरीही मागितली आहे, उस्तादांनी सही करून पक्कं बिल दिलंय.

परवा शेठचा पुन्हा फोन आला. आता चेनचेही अर्धे पैसे द्यायला तयार आहेत. अट तीच, तुकडा आणि खोकं परत. दोन्ही माझ्याकडे पिशवीत बंद आहेत. आयोगाने प्रयोगशाळेत तपासायला मागितले की तिथेच जातील.