कागदावर ८, प्रत्यक्षात १६: २०१२च्या मॅकबुक प्रोसाठी क्रूशियलचा रॅम संच

२०१२च्या मध्यात आलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोला जास्तीत जास्त ८ जीबी रॅम चालते, असं अ‍ॅपलचा कागद सांगतो. त्यात क्रूशियल या ब्रँडचा ८+८ जीबीचा डीडीआर३एल-१६०० संच (डीडीआर३ रॅमचा कमी व्होल्टेजवर चालणारा प्रकार) बसवला की १६ जीबी दिसते आणि पूर्ण वापरलीही जाते. कसलाही जुगाड लागत नाही. मात्र हे रेटिना, म्हणजे जास्त स्पष्ट पडदा, नसलेल्या मॉडेलबद्दल. रेटिनाची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे विषय संपला. खालच्या झाकणावर ए१२७८ दिसलं तरी तेवढ्यावर जाऊ नका, २००८पासूनच्या मशीनवर तोच क्रमांक आहे; सिस्टिम रिपोर्टमध्ये ‘मॅकबुकप्रो ९,२’ दिसायला हवं.

अ‍ॅपल हे मशीन ८ जीबीपर्यंतच विकत असे, कागदावरही तेवढंच राहिलं. खरी मर्यादा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम हाताळणारा भाग, ठरवतो. यातल्या आय५-३२१०एम प्रोसेसरला इंटेलने ३२ जीबीपर्यंत मान्यता दिली आहे, पण इथे रॅमच्या पट्ट्या (स्टिक) बसवायचे स्लॉट दोनच. शिवाय प्रोसेसरची ही पिढी ४ गिगाबिटपेक्षा दाट डीडीआर३ चिप ओळखत नाही. ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी, त्यामुळे अशा १६ चिपा मिळून एक स्टिक ८ जीबीची होते, म्हणून दोन स्टिकच्या १६ जीबीवर भिंत. १६ जीबीची एकच डीडीआर३ स्टिक कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका.

त्याच कारणाने खरेदी करताना लेबल वाचा. सीटी१०२४६४बीएफ१६०बी या क्रमांकातलं १०२४६४ म्हणजे १०२४ मेग गुणिले ६४ बिट, म्हणजेच ८ जीबी. लेबलवर ‘२आर×८’ हवं, म्हणजे दोन गटांत मिळून १६ चिपा. ‘१आर×८’ असलेल्या ८ जीबी स्टिकवर आठच दाट चिपा असतात. ती नव्या लॅपटॉपात चालेल, यात नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटी, जुनी स्टिक घेणाऱ्यांनी चिपा मोजून घ्याव्यात, स्टिकर काय कोणीही छापतो. व्होल्टेजची चिंता नको: मशीन १.५ व्होल्टचं आहे आणि ही १.३५ व्होल्टची स्टिक १.५वरही चालते.

बसवणं सोपं. मशीन बंद करून चार्जर काढा. #०० फिलिप्सने तळाचे १० स्क्रू काढा. त्यातले तीन लांब आहेत, ते वेगळे ठेवा, नाहीतर परत लावताना घोळ होतो. बॅटरीचा कनेक्टर सरळ वर उचलून सोडवा. स्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की जुनी स्टिक तिरकी उठते. नवी स्टिक तशीच तिरकी, सोनेरी पिना जेमतेम दिसतील इतकी आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्हीकडून ‘कट’ असा आवाज यायला हवा.

सुरू करताच तीन बीप आले तर घाबरू नका, बहुतेकदा स्टिक पूर्ण आत गेलेली नसते. पुन्हा बसवूनही बीप येत असतील तर एकेक स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून लावा. दोष स्टिकचा की स्लॉटचा, ते लगेच कळतं. दर पाच सेकंदांनी एक बीप म्हणजे मशीनला रॅम सापडतच नाही. सगळं ठीक वाटलं तरी एक रात्र मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. एकही चूक दिसली तर स्टिक परत करा.

जुनी ४ आणि नवी ८ अशी १२ जीबीची जोडीही चालते. पण यातलं प्रोसेसरमधलंच एचडी ४००० ग्राफिक्स मुख्य मेमरीतूनच जागा आणि वेग घेतं, त्यामुळे दोन सारख्या स्टिकचा ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून मिळणारा वेग) इथे जाणवतो. थोडे पैसे वाचवायला ही जोडी करू नये.

मूळची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क अजून असेल तर मात्र आधी एसएसडी घ्या, रॅम नंतर. आणि एसएसडी घालूनही मशीन मधूनमधून गोठत असेल तर रॅमला दोष देण्याआधी डिस्कची चपटी केबल बदलून बघा. या मॉडेलमध्ये ती खराब होण्याचं प्रमाण बरंच आहे.