दहा बाय बाराची खोली, माळवदाची बैठक आणि तीन बुकशेल्फ स्पीकर

बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे फळीवर किंवा स्टँडवर मावणारे छोटे स्पीकर, घ्यायचे ठरले की लोक आधी कंपनी विचारतात, मग वॅट, मग भाव. खोलीचं माप शेवटी निघतं, तेही कुणी आठवण करून दिली तर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. लातूर-परभणीकडच्या नव्या कॉलनीतली दहा बाय बाराची, स्लॅबची, टाइल्स लावलेली खोली वेगळी आणि गावाकडच्या वाड्यातली, माळवदाखालची (लाकूड-मातीच्या सपाट छताखालची) लांबट बैठक वेगळी. एकच जोडी दोन्हीकडे सारखी वाजणार नाही.

तुलनेसाठी मी तीन जोड्या घेतो, कारण या तिन्हींत निवडीचे सगळे पेच येतात. पहिली एडिफायर आर१२८०डीबी. ही अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर उजव्या डब्यातच बसवलेला आहे आणि डावा डबा वायरने त्याला जोडायचा. वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा, ४ इंची, दोन्ही डबे मिळून ४२ वॅट, ब्लूटूथ आहे, टीव्हीसाठी ऑप्टिकल आहे, रिमोट आहे. दुसरी क्यू अकूस्टिक्स ३०२०आय. वूफर १२५ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण ५ इंची. तिसरी ईलॅक डेब्यू बी६.२, वूफर साडेसहा इंची. या शेवटच्या दोन्ही पॅसिव्ह आहेत, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो. तो धरला तर खर्च एडिफायरच्या सहज तिप्पट-चौपट जातो. एवढा फरक असताना एडिफायरवर थांबावं की पुढे जावं, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर तुम्ही काय ऐकता यावर बरंच अवलंबून आहे. आपल्याकडे घरात वाजतं ते मुख्यतः गाणं, म्हणजे माणसाचा आवाज. भजन, कीर्तन, शास्त्रीय, जुनी चित्रपटगीतं, खुलताबादच्या उरुसाची आठवण करून देणारी कव्वाली. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १३८ कंपनांच्या, आसपास असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. बाईंचा स्वर काळी चार-पाच असेल तर खर्जही शंभराच्या वरच राहतो. म्हणजे गाण्यासाठी फार खोल जाणारा स्पीकर लागत नाही. त्यात तंबोऱ्याला जवारीमुळे (तार घोडीला हलकेच घासून येणाऱ्या झंकारामुळे) वरचे स्वर इतके भरपूर असतात की छोट्या स्पीकरने खर्ज नीट दिला नाही तरी कान त्या वरच्या स्वरांवरून तो भरून काढतो. एडिफायरवर तंबोरा ऐकताना त्यामुळे फारसं काही हरवल्यासारखं वाटत नाही.

डग्गा आणि पखवाज मात्र कानाला असं फसू देत नाहीत. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावलेली असते, त्याचा नाद खोल आणि भरीव, वरच्या स्वरांचा आधार कमी. अंबाजोगाईकडच्या शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज ज्यांनी प्रत्यक्ष किंवा ध्वनिमुद्रणात ऐकला आहे, त्यांना ४ इंची वूफरवर तो थापेपुरता ऐकू येईल. बोल कळतील, ‘धा’ मागचा गुंजारव राहणार नाही. इथे ५ इंची क्यू अकूस्टिक्स बरीच पुढे आहे आणि ईलॅक तिच्याही पुढे. तुमच्या घरात भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणं रोज लागत असतील, तर एडिफायरवर पैसे वाचवल्याचं समाधान फार दिवस टिकणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

मग सरळ ईलॅकच का घेऊ नये? इथे खोली आडवी येते.

प्रत्येक खोलीला तिच्या लांबी-रुंदी-उंचीनुसार काही सूर धरून ठेवायची सवय असते. बारा फुटांच्या भिंतींमध्ये हा सूर ४७ हर्ट्झच्या आसपास पडतो, दहा फुटांमध्ये ५६-५७ च्या आसपास. आपल्याकडे खोलीची रुंदी दहा आणि स्लॅबची उंचीही दहा असं सर्रास असतं, तेव्हा ५६ हर्ट्झचा घुमारा दुप्पट जोराने अंगावर येतो. ईलॅकची कंपनी आपला स्पीकर खाली ४४ हर्ट्झपर्यंत जातो असं सांगते. म्हणजे तो खोलीचे हे दोन्ही सूर पुरते जागे करणार. क्यू अकूस्टिक्सचा आकडा ६४ हर्ट्झचा आहे. ती या दोन्ही सुरांच्या वरच थांबते. म्हणून छोट्या स्लॅबच्या खोलीत कागदावर कमी असलेला स्पीकर जास्त स्वच्छ वाजतो. डग्ग्याची मींड ऐकू येते, नुसतं ‘बुम्म’ येत नाही. (कागदावरचे असे आकडे दोन कंपन्यांमध्ये थेट ताडून पाहू नयेत, कारण किती डेसिबलची घट धरून मोजलंय ते प्रत्येकीचं वेगळं असतं. पण ५ इंच आणि साडेसहा इंच यांतला फरक त्याने पुसला जात नाही.)

माळवदाच्या बैठकीत चित्र बदलतं. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि किलचण, लांबी वीस-बावीस फूट. छत सपाट गुळगुळीत नसतं, त्यामुळे आवाज एकाच जागी आदळून परत येत नाही, विखुरतो. अशा जागेत क्यू अकूस्टिक्स किंचित बारीक वाटेल आणि ईलॅकला हवी तेवढी मोकळीक मिळेल. मोठा हॉल असलेल्या बंगल्यातही तेच. पत्र्याच्या खोलीत मात्र ईलॅक लावूच नका, बेसच्या प्रत्येक ठोक्याला पत्रा थरथरेल आणि ती खरखर स्पीकरचीच आहे असं वाटत राहील.

पोर्टबद्दल, म्हणजे बेस वाढवायला डब्याला ठेवलेल्या भोकाबद्दल, दुकानात हमखास सांगतात की ईलॅकचं पोर्ट पुढे आहे, भिंतीला चिकटवली तरी चालेल. हे अर्धं खरं आहे. पोर्ट पुढे असलं तरी खालचे सूर डब्याच्या चारी बाजूंनी पसरतात आणि भिंत त्यांना फुगवतेच, कोपरा तर आणखी. क्यू अकूस्टिक्सचं पोर्ट मागे आहे, पण सोबत फोमचे बोळे येतात. भिंत जवळ असेल तर ते घालायचे. बोळा घातला की डबा जवळजवळ बंद होतो, बेस थोडा उतरतो आणि आवाज मोकळा होतो. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रसारणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बनवला, तो पूर्ण बंद डब्याचाच होता आणि माणसाच्या आवाजासाठी तो आजही नावाजला जातो. आपल्याकडे बोळ्याचा आणखी एक उपयोग आहे: उघड्या पोर्टमध्ये कुंभारमाशी मातीचं घर करते, पाली शिरतात.

शोकेसमध्ये ठेवणार असाल तर आधी फळी पुढून मागपर्यंत किती खोल आहे ते मोजा. क्यू अकूस्टिक्स आणि ईलॅक दोन्ही २७-२८ सेंटीमीटर खोल आहेत, वर मागे वायरीला जागा लागते. बाराइंची फळीवर त्या कशाबशा मावतात. एडिफायर विसाच्या आत आहे, ती जुन्या घरातल्या रुंद कोनाड्यातही बसते. तरी माझा आग्रह स्टँडचाच राहील, गावातल्या सुताराकडून करून घेतलेला, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) बसलेल्या माणसाच्या कानाइतका उंच येईल असा.

आणि खोलीला थोडं कापड द्या. समोरच्या भिंतीला जाड पडदा, खाली सतरंजी, मागच्या भिंतीशी घड्या घातलेल्या गोधड्यांचा ढीग. टाळांचा आवाज टोचत असेल तर ट्वीटरला दोष देण्याआधी हे करून पाहा. टाइल्स आणि काचांनी भरलेल्या खोलीत या तिन्हीपैकी कुठलीही जोडी कर्कश वाटू शकते.

वॅटचं थोडक्यात. क्यू अकूस्टिक्स १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल देते, ईलॅक ८७. तीन मीटरवर बसून, जोडीतले दोन्ही स्पीकर वाजत असताना, नेहमीच्या ऐकण्याला सरासरी १ वॅटसुद्धा लागत नाही. तबल्याच्या ठोक्याला क्षणभर शंभर पट लागतात, ते धरूनही ४०-५० वॅट आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या खऱ्या ताकदीचा) अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. दोन्ही जोड्या ६ ओहमच्या आहेत, अ‍ॅम्प्लिफायर ६ ओहमला चालतो का, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं बघून घ्या. पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीपुरत्या फुगवलेल्या ताकदीचे, हजारांचे आकडे वाचूच नका.

विजेकडे मात्र लक्ष द्यायला हवं, कारण मराठवाड्यात निवड इथेच फिरू शकते. उन्हाळ्यात दाब पडतो, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल गेला की घरात भलताच दाब येतो. अ‍ॅक्टिव्ह जोडीत वीज थेट डब्यात जाते. आतला बोर्ड गेला की दोन्ही स्पीकर मुके, आणि हिंगोली किंवा धाराशिवला त्याचा सुटा बोर्ड मिळवणं सोपं नाही. पॅसिव्ह स्पीकरला विजेशी थेट देणंघेणं नाही. जळलाच तर अ‍ॅम्प्लिफायर जळेल, तो दुरुस्त होतो, दुसरा जोडता येतो, स्पीकर वर्षानुवर्षं राहतात. एडिफायर घेतलीत तर चांगला स्टॅबिलायझर त्याच खर्चात धरा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर बॅटरीवर गाणं ऐकताना भुणभुण येऊ शकते, साइन वेव्हवर येत नाही. अर्थिंगही तपासा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग शांत जागी स्पीकरमधून हलकी घरघर सुरू होते. खड्ड्यात पाणी घातल्यावर ती थांबली तर रोग स्पीकरचा नव्हता.

तेव्हा विद्यार्थ्याच्या खोलीत, टेबलावर, दोन-तीन फुटांवरून ऐकायचं असेल, टीव्हीलाही तीच जोडी लावायची असेल, तर एडिफायर निःशंक घ्या. एवढ्या जवळून तिचा ४ इंची वूफर पुरेसा भरतो आणि बाजूच्या बेस-ट्रेबलच्या बटणांनी टेबलाचा घुमारा कमी करता येतो. दहा बाय बारा ते बारा बाय पंधराच्या स्लॅबच्या खोलीला क्यू अकूस्टिक्स. तीनांतली माझी आवडही तीच, कारण आपली बहुतेक घरं आता अशीच आहेत आणि गळ्याला ती सगळ्यांत कमी रंग चढवते. ईलॅक मोठ्या बैठकीला, माळवदाच्या घराला, आणि पखवाज-तबल्यावर जीव असलेल्या माणसाला, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढायची तयारी असेल तर.

क्यू अकूस्टिक्स आणि ईलॅक दोन्हींच्या पुढच्या आवृत्त्या आल्या आहेत, त्यामुळे जुना साठा उतरत्या भावात दिसला तर बिल आणि वॉरंटी बघून जरूर घ्यावा. ऐकून घ्यायला संभाजीनगर किंवा पुण्याला जाणं होत असेल तर सोबत तुमचीच ध्वनिमुद्रणं न्या: एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा, एक पखवाज, एक टाळांचं भजन. दुकानदार लावतो त्या इंग्रजी गाण्यावर निर्णय घेऊ नका. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखाच ठेवायला सांगा, थोडी मोठी वाजणारी जोडी कानाला नेहमीच सरस वाटते. जाणं शक्य नसेल तर परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच मागवा, आणि ती मुदत संपेपर्यंत खोकं अन् आतलं थर्माकोल माळ्यावर टाकू नका.