२०० लिटरचा ड्रम, एक मीटर उंची: परसबागेच्या ठिबक संचाचा रब्बी आणि उन्हाळ्याचा अनुभव

आधी संच कोणता ते सांगतो. ओट्यावर २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम. त्याच्या तळाजवळ टँक निपल (ड्रमच्या छिद्रात नटाने आवळायचा जोड), मग कॉक, जाळीचा फिल्टर, १६ मिमीची सबमेन (ओळींना पाणी वाटणारी नळी) आणि तिच्यातून निघणाऱ्या १२ मिमीच्या पाच लॅटरल (झाडांच्या ओळीने जाणाऱ्या नळ्या), प्रत्येकी १० मीटर. ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) नाहीत. दर अर्ध्या मीटरवर १.२ मिमी आतल्या व्यासाची मायक्रोट्यूब (बारीक नळीचा तुकडा) टोचून बसवलेली, आलटून पालटून एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणजे शंभर झाडं. दोन लॅटरलमध्ये १.२ मीटर अंतर धरलं तर जागा अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त लागते. मोटर नाही, वीज नाही. जमीन मराठवाड्यातली मध्यम काळी, पाणी बोअरचं, क्षारवट. एक रब्बी आणि त्यामागून उन्हाळा असा वापर झाल्यावरचं हे मत आहे.

संच घ्यावा, पण घेताना नळ्यांची जाडी चाचपण्यापेक्षा ओट्याकडे आणि फिल्टरकडे लक्ष द्यावं. शेतातलं नेहमीचं ठिबक साधारण १ किलो दाबावर चालतं, म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. इथे आपल्याकडे आहे एक मीटर. शेतात १० सेंटिमीटरचा चढउतार म्हणजे एक टक्का दाब. तो कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे तोच चढउतार दहा टक्के खातो. ‘संच चालत नाही’ अशा बहुतेक तक्रारींचा माग काढला की हा एक मीटर कुठे तरी सांडलेला सापडतो: वाकड्या वाफ्यात, तुंबलेल्या जाळीत, नळीत अडकलेल्या हवेत किंवा खचलेल्या ओट्यात.

ओट्यापासूनच सुरुवात करू. भरलेला ड्रम २०० किलोच्या वर जातो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नुसत्या जमिनीवर रचलेल्या विटा एका पावसाळ्यात कलतात. ३० सेंटिमीटर खोदून मुरूम भरायचा, पाणी मारून चोपायचा आणि त्यावर ७५ × ७५ सेंटिमीटरचा, एक मीटर उंच ओटा बांधायचा. लोखंडी स्टँड असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे हवेतच, नाहीतर पाय मातीत रुततात. लाकडी माचाणाला वाळवी लागते आणि ते एक दिवस भरल्या ड्रमासकट खाली येतं. घरात लहान मुलं असतील तर तो विचारही नको.

ड्रम उघड्या तोंडाचा, झाकण आणि रिंगवाला घ्यावा. दोन बुचांच्या अरुंद तोंडाच्या ड्रममध्ये हात जात नाही, आणि टँक निपलचा आतला नट धरायला हात आत जावाच लागतो. जुना ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. औषधाचा किंवा रसायनाचा असेल तर स्वस्त मिळाला तरी नको, कारण हे पाणी भाजीला जाणार आहे. छिद्र तळापासून ५ सेंटिमीटर वर पाडायचं. खालचं बारा-तेरा लिटर पाणी वापरात येत नाही, पण गाळ तिथेच बसतो. तापवलेल्या पाइपने छिद्र पाडलं तर ते लंबगोल होतं आणि वॉशर कितीही आवळला तरी झिरपत राहतं. ड्रिलला लावायचं गोल करवतीचं पातं नळवाल्याकडे असतं. त्याच्याकडून छिद्र पाडून घेतलेलं परवडतं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक ठेवा आणि त्यावर जाळी चिकटवा. घट्ट झाकणाखाली पोकळी तयार होते, धार बारीक होत जाते, आणि लोक मात्र फिल्टर उघडून बसतात.

झाकण आणखी एका कारणासाठी लागतं. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात आणि उघडा ड्रम त्यांना अगदी सोयीचा. आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण रिकामा करून आतून घासायचा, म्हणजे आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ही पाळला जातो आणि गाळही निघतो.

मायक्रोट्यूब ही या संचातली सगळ्यात साधी आणि आमच्या मते सगळ्यात हुशार गोष्ट. पाणी किती पडायचं ते नळीची लांबी ठरवते. लांबी दुप्पट केली की पाणी जवळपास निम्म्यावर येतं. अर्ध्या मीटरची मायक्रोट्यूब एक मीटर उंचीवर तासाला साधारण तीन लिटर देते, म्हणजे दहा मिनिटांत अर्धा लिटर. सखल कोपऱ्यातलं झाड जास्त पितंय असं दिसलं तर तिथे लांब तुकडा लावायचा, चढावर आखूड. तुंबली तर उपटून तोंडाने फुंकायची किंवा बारीक तार घालायची. ड्रिप टेपमध्ये (ठरावीक अंतरावर छिद्रं असलेल्या पातळ, चपट्या नळीत) ही सोय नाही. तिचं छिद्र क्षाराने बसलं की गेलंच. पॉल पोलाक यांनी १९८१ साली सुरू केलेल्या आयडीई (इंटरनॅशनल डेव्हलपमेंट एंटरप्रायझेस) संस्थेने नेपाळ आणि भारतात बादलीचे आणि ड्रमचे संच आणले ते याच मायक्रोट्यूबवर. आपल्याकडे ते ‘कृषक बंधू’ नावाने विकले गेले. आफ्रिकेत जास्त पसरला तो रिचर्ड चॅपिन या अमेरिकी उत्पादकाचा बादली संच: २० लिटरची बादली, एक मीटर उंची, टेपच्या १५-१५ मीटरच्या दोन ओळी. बोअरच्या क्षारवट पाण्याला मायक्रोट्यूबच बरी. नदीचं किंवा पावसाचं साठवलेलं, चांगलं गाळलेलं पाणी असेल तर टेप, कारण तिची ओळ एकसारखी ओली होते आणि पालेभाजीला तेच लागतं.

जोडणीत सर्वांत जास्त फरक पडला तो सबमेनला पाणी कुठून द्यायचं यावर. ड्रम एका टोकाला ठेवून पहिल्या लॅटरलकडून पाचव्या लॅटरलकडे पाणी नेलं तर सगळा प्रवाह १६ मिमीच्या नळीतून एकाच दिशेने धावतो आणि दाब घर्षणात जातो. पाचवी ओळ कायम उपाशी. टी (तीन तोंडांचा जोड) मधोमध, तिसऱ्या ओळीसमोर बसवली की प्रवाह दोन्हीकडे वाटला जातो आणि फरक बराच कमी होतो. सबमेनला २५ मिमीची नळी मिळाली तर आणखी उत्तम. लॅटरल समपातळीत हव्यात. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी घेऊन वाफ्याची दोन्ही टोकं पाहून घ्या. डोळ्याचा अंदाज दहा सेंटिमीटरला सहज फसतो.

लॅटरल अंथरताना उंचवटे नकोत. एवढ्या कमी दाबाला नळीतल्या उंचवट्यावर अडकलेला हवेचा बुडबुडा ढकलता येत नाही आणि पुढची अर्धी ओळ कोरडी राहते. ड्रम नव्याने भरला की सगळ्या एंड कॅप (लॅटरलच्या टोकांची बुचं) काढायच्या, कॉक उघडायचा, प्रत्येक टोकातून अखंड धार आली की कॅप लावायच्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यातच टोकाला साचलेला गाळही निघून जातो.

आता उन्हाबद्दल. काळी नळी दुपारी तापून लांबते. १० मीटरच्या लॅटरलमध्ये पाच-सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. नळी सापासारखी वळते आणि मायक्रोट्यूबचं टोक झाडापासून सरकतं. शेवटची खुंटी घट्ट ठोकण्याऐवजी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली तर नळी ताणलेली राहते. पाणी सकाळीच सोडायचं, दुपारी नळीतलं पाणी चांगलंच तापलेलं असतं. नळीवर पाचट किंवा वाळलेलं गवत टाकलं तर हे सगळं कमी होतं, फक्त मायक्रोट्यूबचं टोक पाचटाच्या वर दिसलं पाहिजे. झाकलेलं टोक कधी बंद पडलं ते झाड सुकल्यावरच कळतं.

आता पाणी किती, याचा हिशेब. शंभर झाडांना एक ड्रम म्हणजे झाडामागे दोन लिटरला थोडं कमी. थंडीत मिरची, वांगी, टोमॅटो लहान असताना हे पुरून उरतं आणि काळ्या जमिनीत एखादा दिवस चुकला तरी चालतं. एप्रिल-मेमध्ये फळं धरलेल्या वांग्याला तेवढ्यात भागत नाही. दोन ड्रम लागतात, किंवा झाडं निम्मी ठेवावी लागतात. निम्मी ठेवणंच शहाणपणाचं. मुरमाड जमिनीत पाणी पसरत नाही, सरळ खाली जातं, म्हणून तिथे तेच दोन लिटर सकाळ-संध्याकाळ विभागून द्यायचे. ड्रम पाऊण तास ते तासात रिकामा होतो. सुरुवातीची धार मोठी आणि शेवटची बारीक असते, कारण ड्रममधली पाण्याची पातळी उतरत जाते. त्यात बिघाड काही नाही. सगळ्या झाडांना ते सारखंच कमी होतं. झाडाझाडांतला फरक तपासायचा तर लिटरभराची पाच सारखी भांडी घ्या, चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवा, एकाच वेळी दहा मिनिटं भरू द्या. पाचांत पंधरा-वीस टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर पातळी किंवा तुंबलेली मायक्रोट्यूब शोधा.

भाज्यांत मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, गवार यांना हा संच छान. दोडका, दुधी, कारल्याला एका आळ्यात दोन मायक्रोट्यूब. मेथी, कोथिंबीर, शेपू फेकून पेरलेली असेल तर मध्ये कोरडे पट्टे राहतात; त्यांना झारीच बरी.

फिल्टर रोज धुवायचा, यात सवलत नाही. ड्रमच्या तोंडावर जुन्या धोतराचं दुहेरी फडकं बांधून पाणी ओतलं तर फिल्टरचं काम निम्मं होतं. खरकटं, तेलकट किंवा साबणाचं पाणी ड्रममध्ये नको. मायक्रोट्यूबमध्ये त्याचा बुळबुळीत थर धरतो. ते पाणी अळू, केळीच्या खड्ड्यात द्या. शेवाळ धरलं तर ब्लीचिंग पावडर चालते, पण तिच्यातला चुना विरघळत नाही. वेगळ्या बादलीत कालवून, निवळू देऊन फक्त वरची निवळ ड्रममध्ये घालायची. क्षारासाठी मायक्रोट्यूब उपटून सौम्य आम्लात भिजवून ठेवता येतात. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि ब्लीचिंगच्या जवळपास तर मुळीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

खतात युरिया पूर्ण विरघळतो. एका ड्रमला १०० ग्रॅम, म्हणजे झाडाला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणातलं विद्राव्य खत) सुद्धा तसंच. सुपर फॉस्फेट मात्र मातीतच मिसळायचं, ड्रममध्ये टाकलं तर तळाला चिखल होतो. जीवामृत द्यायचं असेल तर झारीने द्या. ते कितीही गाळलं तरी दोन दिवसांत नळीत लिबलिबीत होतं. ड्रम निम्मा झाल्यावर खत घालायचं आणि मागून एक-दोन हंडे साधं पाणी सोडायचं.

या संचाची खरी अडचण वेगळीच आहे. एक ड्रम म्हणजे १५ लिटरचे तेरा-चौदा हंडे, आणि तेही डोक्याहून उंच ओतायचे. हे काम घरातली बाईच करते, आणि ठिबकाने वाचवलेले तिचे श्रम असे दुसऱ्या दाराने परत येतात. झिम्बाब्वेत दुष्काळी मदतीच्या काळात असे संच फुकट वाटले गेले, आणि पुढे ते बऱ्याच घरांत पडून राहिले. पाणी लांबून आणावं लागणं आणि मागून कुणी दुरुस्ती न शिकवणं ही त्यामागची मोठी कारणं होती. तेव्हा नळ, आड किंवा हातपंप अंगणात किंवा अगदी शेजारी नसेल तर हा संच घेऊ नये. बोअरची मोटर असेल तर तिच्या नळीची एक फांदी ड्रमपर्यंत आणा. तेही नसेल तर ओट्याला विटांच्या तीन पायऱ्या बांधा. विक्रेता हे सांगत नाही, पण रोजच्या वापरात त्यांचाच उपयोग सर्वांत जास्त होतो.

मध्य प्रदेशातल्या निमाडात कापूसवाले गारेगार ‘पेप्सी’ भरायच्या पातळ प्लास्टिक नळीचं ठिबक करतात, त्याबद्दल हमखास विचारलं जातं. शेतात पावसाआधी कापूस उगवून घ्यायला ती युक्ती चांगली, स्वस्त आहे आणि हंगामापुरती टिकते. परसात कोंबड्या, शेळ्या आणि खुरपं यांच्यापुढे तिचा निभाव लागत नाही. खारी आणि उंदीर तर जाड नळीही कुरतडतात, विशेषतः मे महिन्यात, पाण्यासाठी. वाफ्याजवळ पाण्याचं एक पसरट भांडं ठेवलं तर चावे कमी होतात. तरी तुटलेली नळी सांधायला चार-पाच जॉइनर आणि मूठभर जास्तीच्या मायक्रोट्यूब घरात असू द्या; तालुक्याच्या दुकानात १६ मिमीचं सगळं मिळतं, १२ मिमीचं बहुतेक वेळा नाही.

पावसाळ्यात संच काढून ठेवताना एंड कॅप काढून प्रत्येक लॅटरल उलट्या बाजूने धुवा, टोक उंच धरून पूर्ण निथळू द्या आणि मोठ्या व्यासाचं वेटोळं करा. लहान वेटोळ्यात नळीला घडी पडते, आणि पुढच्या हंगामात पाणी नेमकं तिथेच अडतं. माळ्यावर ठेवू नका, तिथे उंदीर असतात. तुळईला दोरीने टांगून ठेवा, आणि फिल्टरची जाळी वेगळी, कोरडी करून, डब्यात.