कोस्टसॅट : बेटावरच्या इवल्या पुळणीसाठी कितपत उपयोगी?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात तयार झालेली कोस्टसॅट ही पायथन या संगणकभाषेतील मोफत प्रणाली लँडसॅट व सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन साठ्यातून उतरवून घेते, त्यांतील वाळू, पाणी व फेस वेगळे ओळखते आणि किनारारेषा काढून देते. ज्या पुळणीवर कधी कोणी मोजपट्टी लावली नाही, तिचाही कित्येक वर्षांचा आलेख त्यामुळे हाती येतो, याचे मला फार मोल वाटते.

मात्र खडकांच्या दोन टोकांमध्ये अडकलेल्या छोट्या पुळणीसाठी तो आलेख जपून वाचावा लागतो. रेषेतील चूक साधारण १० मीटरची असते, आणि मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यातील ‘राणीची वेळा’ या छोट्या पुळणीसारखी जागा लँडसॅटच्या चित्रातील ३० मीटरच्या मोजक्या चौकटींतच संपते. शिवाय पुळणीचा उतार दहास एक असेल, तर पाणी १ मीटर चढताच रेषा १० मीटर आत सरकते. म्हणून ओहोटीचे एक चित्र आणि उधाणाच्या भरतीचे दुसरे चित्र तसेच शेजारी ठेवले, तर न झालेली धूप दिसू लागते. भरती-ओहोटीची दुरुस्ती प्रणालीत आहे, पण तिला लागणारा उतार शक्य असेल तर पुळणीवर जाऊन स्वतः मोजावा.

अशा पुळणीची वाळू लाटांची दिशा बदलली की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. एकाच टोकाला छेदरेषा (किनाऱ्याला आडवी, मोजणीसाठीची रेषा) आखणाऱ्याला धूप दिसेल, दुसऱ्या टोकाला आखणाऱ्याला भर दिसेल, आणि वाळू मात्र तेवढीच असेल. दोन्ही टोकांना व मध्यावर मिळून निदान तीन छेदरेषा घ्याव्यात. तिन्हींवर रेषा मागे हटली आणि पावसाळ्यानंतरही भरून आली नाही, तरच वाळू खरोखर गेली असे म्हणावे.

कोकणापुरती मोठी उणीव ढगांची आहे. लाटा सर्वांत जास्त वाळू ओढून नेतात ते जून ते सप्टेंबरचे महिने उपग्रहाला बहुधा दिसतच नाहीत. त्या काळासाठी, याच विद्यापीठाच्या कोस्टस्नॅप उपक्रमात करतात तसे, ठरलेल्या एका जागेवरून मोबाइलने नेमाने छायाचित्र घ्यावे आणि त्याखाली वेळ व भरतीची स्थिती नोंदवावी. या जोडीसह कोस्टसॅट मी निःसंकोच सुचवीन. एकट्या कोस्टसॅटच्या आधारावर मात्र इवल्या पुळणीवर बंधारा घालायचा निर्णय कोणी घेऊ नये.