जंपिंग की ड्रेसाज: पहिल्या शोला नाव कशात द्यावं?

सातारा-कराडकडे हल्ली काही जणांनी हौसेने घोडे घेतलेत आणि भेटला की प्रत्येकाचा प्रश्न हाच: पहिल्या शोला, म्हणजे घोडेस्वारीच्या स्पर्धेला, नाव जंपिंगमध्ये द्यावं, म्हणजे घोड्याने अडथळ्यांवरून उड्या मारायच्या, की ड्रेसाजमध्ये, म्हणजे सपाट मैदानात ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या? रपेट जमते, दुडकीत उठबस जमते, घोडा चौखूर सुटला तरी आवरता येतो, एवढं धरून चालतो.

शिडी दोन्हीकडे आहे. जंपिंगची पायरी म्हणजे उंची: 60-80 सेंटिमीटरपासून सुरुवात, टोकाला ऑलिंपिकच्या 160 च्या घरातल्या उड्या. ड्रेसाजमध्ये प्रिलिमिनरी, एलिमेंटरी, मीडियम अशा चढत्या टेस्ट, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम. अमेरिकेत क्वार्टर हॉर्स या जातीच्या घोड्यांच्या शोमध्ये तर स्वाराची पातळी वेगळी आणि घोड्याची वेगळी, दोन्ही मिळवलेल्या गुणांवरून ठरतात. आपल्याकडे एवढी चंगळ नाही. मुख्यतः उंची, टेस्ट आणि वयोगट पाहून नाव द्यायचं.

जंपिंगची मजा वेगळी, हे मान्य. बार पडला 4 पेनल्टी म्हणजे दंडाचे गुण, घोडा अडला 4. नियम शेंबड्या पोरालाही कळतो. परीक्षकाच्या आवडीनिवडीचा संबंध नाही. घरच्यांना घेऊन जा, टाळ्या वाजवतील.

माझं मन उडालं ते दुसऱ्या नकारापायी. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे घोडा दुसऱ्यांदा अडला की खेळ संपला. ट्रक ठरवा, मोतद्दाराला बरोबर घ्या, पहाटे साताऱ्यातून निघून पुणे गाठा, तासभर घोडी फिरवून तिचं अंग मोकळं करा. तिसऱ्या उडीला निळ्या फळीसमोर तिने पाय रोवले. वळवून आणली, पुन्हा रोवले, आणि घंटा. मिनिटही झालं नसेल. का अडली? फळीचा रंग, माझे पाय, निसरडी जमीन? निकालाच्या तक्त्यावर एकच शब्द: ‘बाद’. परतताना खंबाटकीच्या वळणांवर केबिनमध्ये मोतद्दार आणि मी यावरच हुज्जत घालत आलो. त्याच्या मते फळी, माझ्या मते जमीन. तो वाद अजून मिटलेला नाही.

ड्रेसाजमध्ये घोडी कितीही वाकडीतिकडी चालो, सहसा चार-पाच मिनिटं मैदानात काढता येतात. प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण, अर्धा गुणसुद्धा, आणि पुढे शेरा. परीक्षक बोलतो, शेजारी बसलेला लिहून घेतो. माझ्या कागदावर 20 मीटरच्या वर्तुळापुढे 5 होते आणि ‘अंडाकृती, बाहेरचा लगाम सैल’. घरी चुन्याने वर्तुळ आखलं, त्या एकाच लगामाच्या मागे लागलो. पुढच्या शोला तिथे साडेसहा पडले. आमच्या उस्तादांचं म्हणणं, तोच सैल लगाम उडीकडे वळतानाही नडत असणार. असेलही. जंपिंगच्या तक्त्यावरून मला ते कधी कळलं नसतं.

डोकेदुखी इथेही आहे. एकाच टेस्टला एक परीक्षक 62 टक्के देतो, दुसरा 57. कोणती हालचाल कुठे करायची ते सांगणारी मैदानाकडेची अक्षरं ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशा क्रमाने का, ते देव जाणे. पाठच करावी लागतात. बघायला आलेली मंडळी तिसऱ्या मिनिटाला मोबाइल काढतात. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकल्यापासून चौकशी वाढली आहे खरी, पण त्या घोड्यांची तयारी युरोपातली. त्यावरून आपला निर्णय करू नये.

जमिनीचंही बघा. आपला मुरूम उन्हाळ्यात दगडासारखा होतो. उड्यांच्या सरावानंतर घोडीच्या पुढच्या पायांना हात लावला की गरम लागायचे. प्रिलिमिनरीच्या सरावाला 20 बाय 40 मीटरची सपाट जागा पुरते.

घोडा अकलूजच्या बाजारातून आणलेला मारवाडी जातीचा असेल, त्यातही वरातीत नाचवलेला, तर मात्र थांबा. मान उंच, पाठ ताणलेली, पाय तालात; बघणाऱ्याला हेच ड्रेसाज वाटतं, परीक्षकाला वाटत नाही. त्याला पाठ सैल सोडायला शिकवण्यात बराच काळ जातो. असा घोडा उडीला हलका निघू शकतो, तेव्हा 80 सेंटिमीटरला नाव दिलंत तर मी आडवा येणार नाही. बाकीच्यांनी, माझं ऐकायचं असेल तर, प्रिलिमिनरी टेस्ट भरावी. आणि ट्रकमध्ये घोडा चढवण्याआधी शेऱ्याचा कागद मागून घ्यावा. मागितला नाही तर तो तिथेच टेबलावर पडून राहतो.