दहा मण्यांची त्यागमाळ: नम्रतेच्या सरावाला कितपत उपयोगी?

दिसायला जपमाळेचं धाकटं भावंड, पण जपासाठी नाही. एका टोकाला क्रूस, दुसऱ्या टोकाला बहुधा फ्रान्समधल्या लिझ्यूची कॅथलिक जोगीण संत तेरेजा हिचं पदक आणि मध्ये दहा मणी. कोणाला न सांगता एखादा छोटा त्याग केला, की एक मणी सरकवायचा. तेरेजा (१८७३–१८९७) लहानपणी असेच मणी वापरत असे. ही पोर दिवसभर खिशात हात घालून मणी ओढत असते, असं तिच्या आईच्या पत्रात आहे.

माळेचा सगळा जीव ओवणीत. दोरा दुमडून दोन पदर करतात आणि प्रत्येक मण्यातून ते विरुद्ध बाजूंनी ओवतात. पदर आत एकमेकांवर घट्ट घासतात, म्हणून मणी सरकवाल तिथेच थांबतो. घेताना माळ उभी धरून झटका द्या. मणी घसरला तर भोक मोठं किंवा दोरा बारीक, आणि अशी माळ खिशात गेली की हिशेब गेलाच. काचेचे मणी गुळगुळीत आणि जड असल्याने लवकर घसरतात. धातूच्या मण्याच्या भोकाची कड नीट घासलेली नसेल तर ती दोरा कापते. ६ ते ८ मिलिमीटरचे लाकडी मणी आणि विणलेला नायलॉनचा दोरा ही जोडी सगळ्यात बरी. नायलॉनची टोकं वितळवून बंद केलेली हवीत, नाहीतर गाठ सुटते आणि आधी क्रूस हरवतो.

मनगटावर घालायचा प्रकारही मिळतो. तो घेऊ नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये (बायबल, मत्तय ६:३), आणि इथे हिशेबच डाव्या हातावर बांधलेला!

वापर सोपा वाटतो. सकाळी दिवसाची एकच गोष्ट ठरवायची: समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणं, क्षुल्लक ठपका आला तर लगेच सफाई न देणं, दुसऱ्याच्या वाट्याचं काम उरकून त्याचा उल्लेखही न करणं, किंवा गरज असताना मदत मागणं. मदत मागणं यात सगळ्यात कठीण, आणि म्हणूनच सगळ्यात उपयोगी. रात्री प्रार्थनेच्या वेळी सगळे मणी परत मागे. बेरीज कुठेही लिहून ठेवायची नाही.

खरी अडचण पुढे येते. काही दिवसांतच दहा मणी 'पूर्ण करायची' ओढ लागते. मग सोपी, बिनखर्चाची कामं शोधली जातात, आणि रात्री दहाही मणी सरकलेले पाहून जे समाधान वाटतं, ते बायबलच्या लूक १८ मधल्या, देवापुढे आपलीच पुण्यकृत्यं मोजून दाखवणाऱ्या परूश्याचंच (परूशी म्हणजे कर्मठ यहुदी पंथातला). त्यालाही आठवड्यातले दोन उपास आणि दशमांश (कमाईचा दहावा भाग देणं) पाठ होते. इतर सद्गुणांसाठी मोजणी चालून जाते, नम्रतेच्या बाबतीत मात्र ती मुळावरच येते. खुद्द तेरेजाने १८९५ च्या आत्मार्पणाच्या प्रार्थनेत आपण देवापुढे रिकाम्या हातांनी येऊ असं म्हटलं, आणि आपली कृत्यं मोजू नकोस अशी विनवणी केली. माळेवर तिचं पदक लावणाऱ्यांनी हेही कागदावर छापून सोबत द्यायला हवं.

उपाय माळ टाकून देणं हा नाही, ती उलटी वापरणं हा आहे. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस यांच्या 'विशेष आत्मपरीक्षण' या पद्धतीत मोजायची असते ती चूक. एका वेळी एकच दोष घ्यायचा, सकाळी उठताच निश्चय करायचा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर झडती घ्यायची, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके रेघेवर काढायचे आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची. घसरलो त्याच क्षणी छातीला हात लावायचा, जो चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही. खिशातला मणी हे काम तितक्याच गुपचूप करतो. दोष मात्र नेमका हवा. 'गर्व' या नावाने मणी सरकवता येत नाही, 'दुसऱ्याचं वाक्य तोडलं' यासाठी येतो. दुपारपर्यंत दहाही मणी संपत असतील तर दोष फार मोघम निवडला आहे. तो आणखी बारीक करा.

दोन जणांना ही माळ सुचवणार नाही. ज्यांना बारीकसारीक गोष्टीतही पाप दिसून मन खात राहतं, त्यांचा त्रास मोजणीने वाढेल; त्यांनी आधी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूशी किंवा पाळकांशी बोलावं. आणि घरात किंवा कामावर ज्यांचा छळ होतो आहे, त्यांनी गप्प सोसण्यासाठी मणी सरकवू नये. अपमान गिळणं म्हणजे नम्रता नव्हे, तिथे मदत मागायला हवी.

मुलांसाठी मात्र मूळची, त्याग मोजायची पद्धत चालेल. माळ त्यांच्याच खिशात राहू द्या आणि रात्री 'आज किती झाले?' असं विचारू नका. विचारलंत, की दुसऱ्या दिवसापासून मणी आईबाबांसाठी सरकू लागतात.