सहलीच्या पावतीवर मास्तरकी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी, दारव्हा, दिग्रस भागात सध्या मोबाईलवर एक जाहिरात फिरते आहे. ‘थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षक व्हा, सुट्टीत आशिया फिरा.’ तिच्यात कंबोडियातल्या अंगकोर वाटच्या मंदिरासमोर पिवळा कुर्ता घालून उभी असलेली मुलगी मी आहे. तो फोटो मला न विचारता वापरला आहे. तो पाहून आणखी कुणी पैसे भरू नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी एम.ए., बी.एड. गावाजवळच्या शाळेत तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या याद्यांची वाट पाहणं काय असतं, हे आमच्याकडच्या डी.एड., बी.एड. झालेल्यांना वेगळं सांगायला नको. एजंटचं नाव घरी आणलं ते शेजारच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी. त्यांच्या शब्दाला आमच्या भागात वजन आहे, आणि एजंट नेमकी अशीच माणसं शोधतो. गुरुजींचाही यात काही फायदा नव्हता. त्यांच्या पुतण्याचे पैसेही गेले आहेत.

एकूण दोन लाख साठ हजार मागितले. नोंदणी, कागदपत्रं आणि व्हिसा अशा तीन हप्त्यांत, सगळे रोख. शेवटच्या हप्त्याला मुदत दिली दिवाळीच्या आधीची, 2024 ची. तेव्हा सोयाबीन नुकतंच निघालं होतं. हमीभाव 4,892 रुपये क्विंटल असताना बाबांनी ते त्याहून खाली, व्यापाऱ्याला विकलं, कारण खरेदी केंद्राची वाट पाहायला वेळ नव्हता. आई म्हणाली, “घाई काहून करून राह्यले ते?” बाबा म्हणाले, “पोरगी मास्तरीन व्हाले चालली, तिले थांबवू नोको.” आईचा प्रश्न बरोबर होता. खऱ्या शाळेला शिक्षक हवा असेल तर ती कागदं पाठवते. पैशासाठी चार दिवसांची मुदत देत नाही.

हातात जी पावती दिली तिच्यावर लिहिलं होतं ‘टूर पॅकेज’. विचारलं तर म्हणाले, करासाठी तसं लिहावं लागतं. सगळी लबाडी या दोन शब्दांत होती.

थायलंडने 2023 च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना पर्यटनासाठी बिनव्हिसा प्रवेश सुरू केला, आणि 2024 च्या जुलैत तो मुक्काम 60 दिवसांपर्यंत वाढवला. म्हणजे ज्या ‘व्हिसा’चे पैसे एजंटने घेतले, तो काढायचाच नव्हता. बँकॉकच्या विमानतळावर पासपोर्टवर जो शिक्का बसला तो पर्यटकाचा. त्या शिक्क्यावर वर्गात उभं राहणं हा तिथे गुन्हा आहे.

शाळा मात्र खरी होती. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. भाताची शेतं, लाल माती, साधी माणसं. मुलं वर्गात येताना हात जोडून नमस्कार करायची. मला तिथे शिकवायला फार आवडलं, आणि म्हणूनच जास्त राग येतो. शाळा पैसे देत होती एका मध्यस्थ कंपनीला. मुख्याध्यापिकांना वाटत होतं की आमचे कागद त्या कंपनीने पूर्ण केले आहेत. मला कबूल केलेले 32,000 बाथ (थायलंडचं चलन) होते, हातात येत होते जवळपास निम्मे.

आता फिरण्याबद्दल. डिसेंबरात कंपनीच्या समन्वयकाने सांगितलं, आपण सगळे शिक्षक कंबोडियाला सहलीला जाऊ. आम्ही खूश झालो. पोईपेतची सीमा ओलांडून सीएम रीपला गेलो. अंगकोर वाट बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा याने बांधलेलं, मुळात विष्णूचं मंदिर. तिथल्या ओवरीत समुद्रमंथनाचं लांबच लांब शिल्प आहे. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये वासुकी. लहानपणी कीर्तनात ऐकलेली गोष्ट इतक्या दूर दगडात पाहताना माझे डोळे भरून आले. बाहेर येऊन फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. एजंटने तो तिथूनच उचलला.

ती सहल नव्हती. आमचे 60 दिवस संपत आले होते आणि परत येताना नवा शिक्का मारून घ्यायचा होता. कंबोडियाच्या व्हिसाचं शुल्क, गाडीभाडं, अंगकोरचं 37 डॉलरचं तिकीट, सगळं आमच्या पगारातून कापलं. पुढच्या वेळी लाओस. नोंग खायचा मैत्री पूल ओलांडला की मेकाँग नदीच्या पलीकडे लाओसची राजधानी व्हिएन्टियान. निघण्याआधी समन्वयकाने बजावलं: शाळेचा टी-शर्ट घालू नका, पिशवीत वह्या, मार्कर ठेवू नका, विचारलं तर पर्यटक म्हणा. काही जणांना त्याने सीमेवर न नेता इमिग्रेशन कार्यालयात 1,900 बाथ भरून 30 दिवस वाढवून घ्यायला लावले. त्या अर्जात मुक्काम वाढवण्याचं कारण लिहायचं असतं. तिथे त्याने त्यांच्याकडून ‘पर्यटन’ लिहून घेतलं, खाली सही शिक्षकाची.

परतताना पुलावरच्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट बराच वेळ चाळला आणि मला बाजूला बसवलं. जमिनीच्या सीमेवरून बिनव्हिसा प्रवेश वर्षात दोनदाच, असा नियम त्याने दाखवला आणि पुढच्या वेळी खरा व्हिसा घेऊन या, असं शांतपणे सांगितलं. सोबत शिकवणाऱ्या फिलिपिनो बाईंनी त्या रात्री मला आपलं निळं वर्क परमिटचं पुस्तक दाखवलं. तसं काही असतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

योग्य रस्ता असा आहे. शाळा नेमणुकीची कागदपत्रं पाठवते. त्यावर तुम्ही भारतात असतानाच थाई वकिलातीकडून नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा घेता. 2025 च्या जानेवारीपासून हा अर्ज ऑनलाइन होतो. तिथे गेल्यावर वर्क परमिट निघतं, आणि खुरुसफा म्हणजे थायलंडच्या शिक्षक परिषदेकडून परवाना किंवा तात्पुरती सूट घ्यावी लागते. पदवी लागते, तिची पडताळणी होते, आणि आपल्यासारख्यांना टोइकसारख्या इंग्रजी परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. यातलं एकही नाव एजंटच्या तोंडून येत नसेल तर उठून या.

वर्क परमिट मागितल्यावर समन्वयक म्हणाला, एजंटला विचारा. एजंट म्हणाला, शाळेला विचारा. मग एजंटने दुसरी जागा सुचवली: मे सोत गावी, पगार दुप्पट, फक्त इंग्रजी बोलता यायला हवं, संगणकावरचं काम. मे सोतच्या पलीकडे मोई नदी आणि नदीपलीकडे म्यानमारचं म्यावाडी, जिथे माणसं कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेतात. 10 मार्च 2025 ला भारतीय वायुसेनेच्या विमानाने तिथून सुटलेल्या 283 भारतीयांना मे सोतहून परत आणलं. मी त्याच महिन्यात सत्र संपताच, शिक्क्याची मुदत असतानाच घरी आले. शेवटचा पगार मिळाला नाही.

पोलीस ठाण्यात एजंटने तीच पावती पुढे केली. आम्ही सहल विकली, बाई सहलीला गेल्या, कंबोडिया-लाओस पाहून आल्या, हे त्यांचे फोटो. माझ्याकडे त्याचे आवाजी संदेश जपलेले होते. त्यांत पगार, शाळा, वर्ग हे शब्द स्पष्ट होते, म्हणून तक्रार लिहून घेतली गेली. परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या, मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या सरकारी कार्यालयातही अर्ज दिला आहे. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याने 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच शुल्क घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटचं नाव कुणीही फुकट तपासू शकतं. आमच्या एजंटचं तिथे नाही.

नव्या जाहिरातीत व्हिएतनामही आलं आहे, ‘90 दिवसांचा व्हिसा हमखास’ म्हणून. तो ई-व्हिसा 2023 च्या ऑगस्टपासून कुठल्याही पर्यटकाला मिळतो. त्यावर शिकवता येत नाही, तिथेही वर्क परमिट वेगळं काढावं लागतं.

आमच्या भागातली काही मुलं आजही तिकडे पर्यटकाच्या शिक्क्यावर शिकवत आहेत, त्यांच्यासाठी: पासपोर्ट कुणाच्या हाती ठेवू नका. शिक्क्यावरची तारीख उलटू देऊ नका; दिवसाला 500 बाथ, कमाल 20,000 बाथ दंड होतो आणि जास्त दिवस राहिलात तर पुढे प्रवेशबंदी लागते. बँकॉकच्या भारतीय दूतावासाला लेखी कळवा, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरही तक्रार नोंदवा. आणि एजंटचा प्रत्येक संदेश दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा, घरी भावाकडे किंवा बहिणीकडे, म्हणजे तुमचा फोन हरवला किंवा कुणी काढून घेतला तरी पुरावा राहील.